वीज ग्रिडची माहिती मागायचीये? आधी कुठली मागू नये ते बघा

दरवर्षी जानेवारी आला की फायनल इयरची आणि एमटेकची मुलं दारात उभी, सर सबस्टेशनचा डेटा हवाय, कुठून मिळेल. मी ग्वाल्हेरात इलेक्ट्रिकल शिकवतो, लष्कर भागात राहतो, त्यामुळे गल्लीतले लोकही येतात, प्लॉटवरून लाइन चाललीये, टॉवर येतोय, कागद कुठे मिळतील. दोघांचं दुखणं एकच, वीजवाले काही सांगत नाहीत. पण खरं सांगू का, अर्ध्या वेळा आपण मागतोच चुकीचं. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. माहिती संरक्षित असते ती विषयामुळे नाही, बारकाव्यामुळे. लाइन कुठून कुठे जाते, किती केव्हीची (म्हणजे किती हजार व्होल्टची) आहे, सबस्टेशन कुठल्या गावात आहे, ट्रान्सफॉर्मर किती एमव्हीएचा (म्हणजे किती क्षमतेचा), हे लपवण्यासारखं नाही, टॉवर तर सगळ्यांना दिसतोच. पण सबस्टेशनचा पूर्ण सिंगल लाइन डायग्राम (काय कशाला जोडलंय त्याचा आराखडा), रिलेची म्हणजे फॉल्ट दिसला की लाइन तोडायला लावणाऱ्या यंत्राची आजची सेटिंग, लांबून ग्रिडवर नजर आणि ताबा ठेवणाऱ्या स्काडाचं नेटवर्क कसं जोडलंय, कुठली लाइन पडली तर किती भाग अंधारात जाईल, हे मागितलंत की समोरचा माणूस घाबरणार आणि त्याचं घाबरणं बरोबर आहे. १६ एप्रिल २०१३ ला अमेरिकेत कॅलिफोर्नियात मेटकाफ सबस्टेशनवर रात्री कुणीतरी बाहेरून गोळ्या झाडल्या, तेल गळून १७ ट्रान्सफॉर्मर खराब झाले. असा एक मोठा ट्रान्सफॉर्मर दुकानात तयार मिळत नाही, ऑर्डर देऊन महिनोनमहिने वाट बघावी लागते. म्हणून हा पडदा आहे आणि तो असायलाच हवा.

अर्जाच्या आधी एक संध्याकाळ फक्त शोधण्यात घालवा, कारण बरंच काही आधीच उघडं पडलेलं असतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरण म्हणजे सीईएची साइट, देशाचं ग्रिड सांभाळणाऱ्या ग्रिड इंडियाचे रोजचे रिपोर्ट (हेच आधीचं पोसोको), मुंबईच्या वेस्टर्न रीजनल पॉवर कमिटीच्या मीटिंगांचे मिनिट्स, भोपाळच्या वीज नियामक आयोगाचे टॅरिफ ऑर्डर. ३० जुलै २०१२ चा ग्रिड फेल्युअर आठवतो ना, तो सुरू झाला रात्री २:३३ ला, आमच्या गावाच्या नावाची ४०० केव्ही बीना–ग्वाल्हेर लाइन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप तुटली, तिथून. फॉल्ट नव्हता, लोड एवढा चढला होता की डिस्टन्स रिलेला तो झोन ३ मधला, म्हणजे लांबवरचा, फॉल्ट वाटला. ऑगस्ट २०१२ चा चौकशी समितीचा रिपोर्ट उघडा आहे, लाइनींची नावं आणि ट्रिपिंगच्या वेळा अगदी सेकंदापर्यंत दिल्यात. माझ्या एका विद्यार्थिनीनं अख्खं सेमिनार त्याच्यावर केलं, एकही अर्ज न करता.

आता अर्ज. मुख्य रस्ता माहितीचा अधिकार, २००५ चा कायदा. भारताचा नागरिक असलात की झालं, पण स्वतःच्या नावानं करा, फर्मच्या किंवा सोसायटीच्या नावानं नको. कुणाकडे करायचा इथे लोक फार गोंधळतात. घरापर्यंतची ११ केव्ही, ३३ केव्ही म्हणजे मध्य क्षेत्र वितरण कंपनी, ग्वाल्हेरात तिचं ऑफिस रोशनी घर सगळ्यांना माहितीये. १३२ आणि २२० केव्ही बहुतेक करून ट्रान्सको म्हणजे राज्याची पारेषण कंपनी, तिचं मुख्य ऑफिस जबलपूरला. ४०० किंवा ७६५ केव्हीची आंतरराज्य लाइन असेल तर बहुधा पॉवरग्रिड, म्हणजे केंद्राचा अर्ज. चुकीच्या ठिकाणी गेला तर कलम ६(३) खाली त्यांनीच ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, पण त्या भरवशावर राहू नका, टॉवरवरच्या पाटीचा आधी फोटो काढा, लाइनचं नाव, टॉवर नंबर आणि केव्ही त्यावरच लिहिलेलं असतं.

केंद्राची फी १० रुपये, आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर भरता येते, तिथे मजकूर ३००० अक्षरांत बसवावा लागतो. मध्य प्रदेशातही अर्जाला १० रुपयेच, पण इथे पहिल्या अपिलाला ५० आणि दुसऱ्याला १०० लागतात, केंद्रात पहिलं अपील फुकट. बीपीएलवाल्यांना अर्जाची फी नाही, कार्डाची कॉपी लावा. राज्याच्या ऑफिसात अर्ज हिंदीत द्या, लोक सूचना अधिकारी महोदय असं सुरू करून, मराठीत दिलात तर तो नुसता पडून राहील.

मजकुराबद्दल जरा जास्त लिहितो कारण खेळ इथेच आहे. काही वर्षांपूर्वी मीच एका विद्यार्थ्याला अर्ज लिहून दिला होता, ‘ग्वाल्हेर क्षेत्रातील सर्व उपकेंद्रांचे आराखडे, संरक्षण रिलेची सेटिंग व भारविषयक सर्व माहिती’. २९ व्या दिवशी एक ओळीचं उत्तर आलं, धारा ८(१)(क) के अंतर्गत देय नहीं. मुलाचं सेमिस्टर गेलं. ८(१)(क) म्हणजे देशाची सुरक्षा आणि सामरिक हित, आणि आम्ही त्यांना ते कलम वापरायला स्वतःच कारण दिलं होतं. त्याला खरं लागणार होतं काय, तर एका ट्रान्सफॉर्मरचा वर्षभराचा लोड. दुसऱ्यांदा आम्ही लिहिलं, अमुक १३२/३३ केव्ही उपकेंद्रातल्या एका पॉवर ट्रान्सफॉर्मरची क्षमता आणि १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात दर महिन्याला नोंदलेला कमाल भार, लॉगबुकप्रमाणे. बारा आकडे. मिळाले, दोन पानांचे ४ रुपये भरून.

तर मागणी अशी हवी, एक जागा, एक काळ, एक नोंद, आणि ती नोंद त्यांच्या रजिस्टरला ज्या नावानं असते त्याच नावानं. ‘का होतं’, ‘कसं होतं’ असे प्रश्न विचारू नका, आरटीआयमध्ये असलेला कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. कशासाठी हवंय हे सांगायची सक्ती नाही, कलम ६(२) स्पष्ट आहे. आणि शेवटी ही ओळ न विसरता टाका, की यातला काही भाग देता येत नसेल तर कलम १० प्रमाणे तो भाग झाकून बाकीचा द्यावा. या एका ओळीनं बाबूला बाहेर पडायला रस्ता मिळतो, त्याला सरळ ‘नाही’ म्हणावं लागत नाही.

घरमालकांसाठी एक उदाहरण. मुरारच्या एका काकांना दुसरा मजला चढवायचा होता, शेजारून १३२ केव्ही गेलेली. ते लाइनचा अख्खा नकाशा मागायला निघाले होते, मी म्हटलं काका नकाशा घेऊन काय कराल, तुम्हाला तीन गोष्टी हव्यात, लाइनचं नाव आणि केव्ही, तुमच्या खसरा (सर्व्हे) नंबरातून जाणाऱ्या, लाइनसाठी राखलेल्या पट्ट्याची रुंदी, आणि तुमच्या बाजूच्या दोन टॉवरमध्ये तार सगळ्यात जास्त झोळते तेव्हा जमिनीपासून किती उंच असते. १३२ ला पट्टा साधारण २७ मीटर धरतात, इमारतीपासून उभं अंतर ४.६ मीटर आणि आडवं २.९ मीटर सोडावं लागतं. आणि हे अंतर मोजायचं मेच्या दुपारची तार धरून, तेही वाऱ्यानं कलली तर किती जवळ येईल ते बघून, डिसेंबरात गच्चीवर उभं राहून अंदाज करू नका, आपल्याकडच्या ४५ डिग्रीत तीच तार चांगली खाली येते. शेतात टॉवर येत असेल तर नुकसानभरपाईचा आदेश आणि तुमच्या जमिनीचा पंचनामा मागा, केंद्राच्या जून २०२४ च्या गाइडलाइनमध्ये टॉवरच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला ३० टक्के म्हटलंय, राज्यानं त्यातलं काय लागू केलंय त्याची प्रत मागून घ्या.

उत्तराला मुदत ३० दिवस. नाकारलं तर कुठल्या कलमाखाली, का आणि अपील कुणाकडे हे त्यांनी लिहायलाच हवं, कलम ७(८). नुसता कलमाचा नंबर लिहून पाठवला असेल तर तोच अपिलाचा पहिला मुद्दा, कारण नकार बरोबर होता हे सिद्ध करायची जबाबदारी १९(५) प्रमाणे त्यांच्यावर आहे. पहिलं अपील ३० दिवसांच्या आत, मग दुसरं ९० दिवसांच्या आत आयोगाकडे. अपिलात भांडू नका, मागणी अजून बारीक करून दाखवा.

आणि ज्याला खरोखरच आतला डेटा लागतो, रिलेची सेटिंग, नेटवर्क मॉडेल, त्यानं आरटीआय करूच नये. आरटीआयनं दिलेलं एकाला म्हणजे सगळ्या जगाला, म्हणून ते देऊच शकत नाहीत. तिथे कॉलेजच्या लेटरहेडवर, विभागप्रमुखांच्या सहीनं चीफ इंजिनियरला पत्र. काय हवं, कशाला हवं, कोण बघणार, कुठल्या कॉम्प्युटरवर राहणार, थीसिसमध्ये सबस्टेशनचं नाव झाकणार, काम झालं की पुसणार, आणि सोबत सही केलेलं हमीपत्र. अमेरिकेत तर याची पक्की पद्धतच आहे. तिथला वीज नियामक एफईआरसी, त्यांनी २००१ च्या हल्ल्यांनंतर २००३ मध्ये ग्रिडसारख्या यंत्रणांच्या नाजूक माहितीसाठी सीईआयआय नावाचा वर्ग काढला, २०१५ मध्ये त्याला वेगळा कायदेशीर आधारही मिळाला. मागणाऱ्यानं आपलं नाव-पत्ता, कुणासाठी मागतोय, नेमकी गरज आणि वापर लिहायचा, गोपनीयतेच्या करारावर सही करायची, ज्या कंपनीची माहिती तिलाही म्हणणं मांडायची संधी देतात. शिक्का एका वेळी जास्तीत जास्त ५ वर्षांचा, पुढे हवा तर पुन्हा मारावा लागतो. आणि नुसतं ठिकाण सांगणारी माहिती त्यांच्या व्याख्येतही बसत नाही, म्हणजे तिथेही प्रश्न बारकाव्याचाच. आपल्याकडे असा छापील फॉर्म माझ्या हाती कधी आला नाही, पण पत्रात हेच सगळे मुद्दे आपणहून घातले की समोरच्याला धीर येतो, हे मी तीन-चार वेळा बघितलंय.

मुलांनो, अल्गोरिदमच तपासायचा असेल तर आयईईईची ३० किंवा ११८ बसची (बस म्हणजे ग्रिडमधला जोडबिंदू) नमुना सिस्टिम घ्या, खऱ्या डेटाची गरजच नाही.

एक कळकळीनं सांगतो. ओळखीच्या ऑपरेटरकडून कंट्रोल रूमच्या स्क्रीनचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवू नका. हा रस्ता सगळ्यात सोपा वाटतो आणि सगळ्यात जास्त मुलं हाच धरतात. त्या माणसाची नोकरी जाते, आणि ती कॉम्प्युटर सिस्टिम आयटी कायद्याच्या कलम ७० खाली संरक्षित जाहीर झालेली असेल तर बिनपरवानगी तिच्यात शिरण्याला १० वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय तो फोटो कुणाकुणाकडे फॉरवर्ड होईल ते तुमच्या हातात राहत नाही.

माझ्या मागच्या विद्यार्थ्याला पत्रानं मिळालेला डेटा लॅबच्या एकाच कॉम्प्युटरवर होता, नेट काढलेलं. व्हायवा झाल्यावर आम्ही दोघांनी बसून फाइल पुसली आणि तसं दोन ओळींचं पत्र त्या ऑफिसात पोचतं केलं, त्यांच्याकडून आवकचा शिक्का मारून घेतला. यंदाच्या मुलीचं पत्र त्याच टेबलावर गेलं, सोबत त्या शिक्क्याची झेरॉक्स लावली होती, आणि अठराव्या दिवशी फोन आला की या, घेऊन जा.