मिरर्स एजमध्ये स्पीड न घालवता कसं पळायचं

गेममध्ये पार्कूर, म्हणजे पळत-उड्या मारत अडथळे पार करणं, नीट शिकायचं असेल तर २००८ चा मिरर्स एज हा व्हिडिओ गेमच घ्या, माझं ठाम मत आहे, कारण यात एक बटण दाबून ठेवलं की कॅरेक्टर आपोआप चढत जातंय असला प्रकार नाही, फेथची (गेममधली आपली नायिका) प्रत्येक उडी तुम्हालाच टायमिंगवर मारावी लागते. पीसीवर तीन बटणं बोटांत बसवा: स्पेसने वरच्या सगळ्या मूव्ह (उडी, चढणं), शिफ्टने खालच्या (वाकणं, रोल), क्यूने वळायचं.

फेथ पहिल्या पावलाला फुल स्पीडला नसते, पळत राहिली की स्पीड चढतो आणि कुठं अडखळली की गेला. त्यामुळे मोठ्या गॅपआधी चार पावलं मागं या, सरळ रनअप घ्या आणि अगदी कडेवर स्पेस मारा. लवकर उडी मारली की कडेला लटकणार, मग वर चढण्यात सगळा स्पीड वाया.

भिंतीचा खेळ सगळा अँगलचा आहे. तिरकं जाऊन स्पेस दाबलं तर वॉलरन, म्हणजे भिंतीवरून आडवं पळणं, सरळ तोंडावर गेलात तर वॉलक्लाइंब, म्हणजे भिंतीवर सरळ वर चढणं. आता समजा जायचंय मागच्या बाजूच्या उंच कठड्यावर, तर समोरच्या भिंतीवर सरळ पळत जा, स्पेस, ती पावलं टाकत वर जाते, जोर संपत आला की क्यू, ती गर्रकन वळते, कठडा समोर दिसला की लगेच स्पेस. नवीन लोकं क्यू आणि स्पेस एकदमच दाबतात आणि मग उडी लागतच नाही, मध्ये अगदी क्षणभर दम धरा, पण जास्त रेंगाळलात तर घसरून खाली. वॉलरनमध्येपण हेच, क्यू दाबलं की भिंतीकडे पाठ होते, मग उडी.

उंचावरून पडताना पाय टेकायच्या किंचित आधी शिफ्ट, रोल होतो आणि पळणं चालू राहतं. हे चुकलं तर धाडकन आपटते. हवेत शिफ्ट दाबलं की पाय वर घेते, काटेरी कुंपणावरून असंच जायचं.

लाल दिसणाऱ्या वस्तू रस्ता दाखवतात, ही सेटिंग सुरुवातीला ठेवा चालू, पण लेव्हल पाठ झाली की बंद करून बघा, कारण लाल रस्ता दरवेळी सगळ्यात जवळचा नसतो. स्क्रीनच्या मधला बारीक ठिपका मात्र राहू द्या, गरगरायला लागलं तर नजर त्याच्यावरच ठेवायची.