पानाचा चहा घरी कसा बनवायचा आणि चाखायचा (आपल्या खान्देशातल्या पाण्यावर)

आपल्याकडे जळगाव-धुळ्याला चहा म्हणजे सीटीसी पावडर, दूध, साखर, आलं आणि असली तर गवती चहाची पात, आणि हा चहा मलाही रोज सकाळी लागतोच. पण पानाचा चहा, म्हणजे ज्यात वळलेलं पान असतं आणि गरम पाण्यात ते हळूहळू उघडतं, तो भगुन्यात टाकून दूध घालून दहा मिनिटं उकळला तर त्याचा वास पार उडून जातो आणि नुसता कडवटपणा उरतो. सीटीसीची मशिनं आसामात 1930 च्या दशकात आली, पान चिरडून-फाडून त्याचे बारीक दाणे करतात, म्हणून ते पटकन रंग सोडतात आणि दुधातही चव टिकवतात. पानाच्या चहाची रीत वेगळी आहे, अवघड नाही.

आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, ग्रीन, व्हाइट, ऊलाँग, ब्लॅक हे सगळे एकाच झाडाचे चहा आहेत, फरक तोडल्यानंतर पानाचं काय केलं त्याचा. ग्रीनमध्ये पान लगेच तापवतात म्हणून हिरवं राहतं, ब्लॅकमध्ये सुकवून, वळून हवेत तांबडं होऊ देतात, ऊलाँग ह्या दोघांच्या मधला, आणि व्हाइटमध्ये कोवळे कोंब नुसते सुकवतात, बाकी फार काही करत नाहीत.

आता पाणी. माझ्या मते आपल्या भागात चहा बिघडायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे आणि ह्याच्यावर कोणी बोलत नाही. बोअरचं पाणी क्षाराचं, भगुन्याच्या बुडाला पांढरा थर बसतो ना, तेच पाणी चहाला वापरलं की वर तेलकट दिसणारी पातळ साय येते, रंग काळपट होतो आणि वास दबून जातो. दार्जिलिंगसारखा नाजूक चहा तर त्या पाण्यात ओळखूच येत नाही. उपाय दोन. एक तर पाणी चांगलं उकळून थंड होऊ द्या, क्षार खाली बसला की वरचं पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओता आणि चहाला तेच परत तापवा, ह्याने काही क्षार जातात, सगळे नाही. दुसरं म्हणजे आरओ. पण आरओचं पाणी कधीकधी इतकं कोरं असतं की चहा सपक लागतो, मग त्यात थोडं नळाचं उकळून निवळलेलं पाणी मिसळा. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेनासारखं मीटर मिळतं, 50 ते 150 च्या मध्ये आकडा आला की चांगलं. विश्वास नसेल तर एकच चहा दोन पाण्यात करून शेजारी शेजारी ठेवा, रंगावरूनच कळेल.

माप चमच्याने घेऊ नका, व्हाइट टीची पानं फुललेली असतात, चमचाभर घेतली तरी वजन भरत नाही, आणि ऊलाँगच्या घट्ट गोळ्या चमचाभर घेतल्या तर कितीतरी जास्त होतात. छोटा डिजिटल काटा घ्या. 200 मिली पाण्याला अडीच ग्रॅम इथून सुरू करा.

पाणी किती गरम हे ग्रीनसाठी फार महत्त्वाचं, कारण उकळत्या पाण्यात कडू आणि तुरट भाग भराभर उतरतो आणि पानाचा गोडवा त्याच्याखाली दबतो. थर्मामीटर नसला तरी चालतं. उकळतं पाणी तीन वाट्या आणि घरात ठेवलेलं साधं पिण्याचं पाणी एक वाटी मिसळलं की साधारण 80 च्या आसपास येतं, दोनास एक घेतलं तर 75 च्या जवळ (थंडीत आपल्याकडे पाणी चांगलंच गार असतं तेव्हा अजून थोडं कमी). ग्रीनला 75 ते 80 आणि दोन मिनिटं, व्हाइटला 80-85 आणि चार मिनिटं, दार्जिलिंग फर्स्ट फ्लशला (म्हणजे वर्षातली पहिली तोडणी) 85-90 आणि तीन मिनिटं, ऊलाँगला 90-95, आसाम आणि नीलगिरीला खळखळ उकळतं पाणी आणि तीन-चार मिनिटं. वर झाकण ठेवा, मोबाईलचा टायमर लावा, आणि वेळ झाली की लगेच गाळा, पानं पाण्यात पडून राहिली की चहा कडू होत जातो. चांगलं ऊलाँग टाकून देऊ नका, त्याच पानांवर परत परत गरम पाणी घाला, चार-पाच वेळा तरी निघतं आणि दुसरा-तिसरा कप बऱ्याचदा पहिल्यापेक्षा छान लागतो.

चाखायचं असेल तर एकट्या चहाने काही कळत नाही, तीन वेगळे चहा आतून पांढऱ्या असलेल्या कपांत एकाच वेळी करा. चहा-परीक्षकांचं एक ठरलेलं प्रमाण असतं, 100 मिलीला 2 ग्रॅम आणि 6 मिनिटं, सगळ्या चहांना तेच. त्यात चहा कडक होतो पण गुण-दोष लपत नाहीत. आधी कोरडं पान हुंगा, मग भिजलेलं पान हुंगा (सगळ्यात जास्त वास तिथेच असतो), मग रंग बघा, आणि मग चमच्याने घेऊन आवाज करत फुर्रकन ओढा. आपले आजोबा बशीतून फुरके मारत प्यायचे, परीक्षकही तसंच ओढतात, कारण हवेबरोबर वास घशामागून नाकात जातो. ठेचा किंवा शेवभाजी खाल्ल्यावर चाखायला बसू नका, सुपारी-तंबाखूनंतर तर नकोच, सकाळी चूळ भरून बसलेलं उत्तम.

पाकिटावर मस्कटेल, माल्टी असले शब्द असतात, ते बाजूला ठेवा आणि आपल्या घरातला, शेतातला कोणता वास आठवतो ते वहीत लिहा. दार्जिलिंग सेकंड फ्लश, म्हणजे मे-जूनची तोडणी, मला मनुक्यासारखा लागतो. आसाममध्ये काकवी आणि तव्यावर खरपूस झालेली भाकरी सापडते. चीनचा लाँगजिंग कढईत भाजलेला असतो म्हणून भाजलेल्या शेंगांचा वास देतो, जपानचा सेंचा वाफवलेला, तो निवडत असलेल्या मेथीच्या जुडीसारखा. आणि चीनच्या फुजियानमधला लापसांग सूचाँग पाइनच्या लाकडाच्या धुरावर सुकवतात, तो हुंगला की कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं भरताचं वांगंच आठवतं. आमच्या मामींनी हाच एक कप पूर्ण प्यायला, बाकी सगळ्यांना "हाऊ काय चा शे?" (हा काय चहा आहे?) म्हणाल्या.

मे महिन्यात 44-45 डिग्रीत गरम चहा नको वाटतो तेव्हा एक लिटर गार पाण्यात 8-10 ग्रॅम ग्रीन किंवा फर्स्ट फ्लश टाका आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी गाळा. गार पाण्यात कडवटपणा कमी उतरतो, साखर लागतच नाही. त्याच दिवशी संपवा.

साठवण मात्र जपून करा. चहा वास ओढतो, काळ्या मसाल्याच्या डब्याशेजारी महिनाभर ठेवला तर मसाल्याचा चहा होईल. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, गॅसपासून आणि उन्हापासून लांब. ग्रीन आणि फर्स्ट फ्लश सहा महिन्यांत पिऊन टाका, आसाम वर्षभर चालतो. म्हणून सुरुवातीला 50-50 ग्रॅमचीच पाकिटं घ्या: एक आसाम ऑर्थोडॉक्स (म्हणजे सीटीसी नाही, वळलेल्या पानाचा), एक दार्जिलिंग सेकंड फ्लश आणि एक कांगडा ग्रीन, तिन्ही आपल्या देशातले, आणि तिघांची चव एकमेकांपासून इतकी लांब की नवख्यालाही फरक लगेच कळतो.