ऊस, महामार्ग आणि पाणंद: कोल्हापूरच्या आसपास सायकल चालवताना या चुका टाळा

फुलेवाडीच्या पुढे, कळंब्याच्या तलावापलीकडे किंवा कसबा बावड्याच्या खाली उतरलं की शहर संपतं आणि ऊस सुरू होतो. तिथं फूटपाथ नसतो, दिवे तुरळक असतात, साइडपट्टी खचलेली असते. त्याच रस्त्यावरून एसटी, वडापच्या जीप, दुधाच्या गाड्या, वैरणीचे भारे लादलेल्या दुचाकी आणि हंगामात उसाचे ट्रॅक्टर चाललेले असतात. इथं सायकलस्वार सहसा वेगामुळे अडचणीत येत नाही. तो पुढच्या क्षणी काय करणार हे मागच्या चालकाला कळत नाही, तिथं घोळ होतो. खालच्या बऱ्याच चुकांचं मूळ तेच आहे.

डांबराच्या कडेला चिकटून चालवणं

गाड्यांना अडचण नको म्हणून बरेच जण चाक अगदी कडेवर ठेवतात. पण खडी, काचा आणि बाभळीचे काटे गाड्यांच्या चाकांनी ढकलले जाऊन कडेलाच साठतात. शिवाय डावीकडे सरकायला जागा उरत नाही, आणि मागच्या चालकाला समोरून गाडी येत असतानाही ‘बसेल’ असं वाटून तो आत घुसतो. डांबराच्या कडेपासून दोन ते तीन फूट आत चालवा. अरुंद पुलावर किंवा मोरीवर आधी मागे पाहा, हात दाखवा आणि लेनच्या मध्ये या. पूल संपला की पुन्हा डावीकडे. उभ्या मोटारींच्या रांगेशेजारून जाताना दरवाजा उघडला तरी लागणार नाही इतकं, म्हणजे किमान मीटरभर अंतर हवं.

पावसाळ्यानंतर साइडपट्टीचा मुरूम वाहून जातो आणि डांबराला दोन-चार इंचांची पायरी पडते. पुढचं चाक त्या पायरीवरून खाली गेलं की लगेच हँडल उजवीकडे वळवायचा मोह होतो. तसं केलं तर टायर पायरीला घासत राहतो, वर चढत नाही आणि सायकलस्वार रस्त्याच्या बाजूला, गाड्यांच्या पुढ्यात पडतो. योग्य क्रम असा: पायडल थांबवा, हँडल सरळ धरा, मागचा ब्रेक हळू दाबून वेग कमी करा, पूर्ण थांबा आणि सायकल उचलून वर घ्या. पायरी अगदी कमी असेल आणि मागे कुणी नसेल तरच थोडं डावीकडे जाऊन जितक्या काटकोनात जमेल तितकं चाक पायरीवर चढवा.

मागे न बघता खड्डा चुकवणं

खड्डा दिसला की शरीर आपोआप उजवीकडे झुकतं. त्यामुळे नजर चाकापुढे न ठेवता वीस-तीस मीटर पुढे ठेवा. म्हणजे खड्डा लवकर दिसतो आणि मागे पाहायला वेळ मिळतो. मागे पाहताना हँडलही मान वळेल तिकडे वळतं, हा नवशिक्यांचा नेहमीचा दोष. उपाय सरावाचा आहे: मोकळ्या मैदानावर सरळ रेष धरा, खांदे सैल सोडा, हनुवटी उजव्या खांद्याला टेकवा, एक सेकंद पाहा आणि पुढे वळा. रेष न सोडता हे सलग दहा वेळा जमेपर्यंत हमरस्त्यावर जाऊ नका. आरसा लावला तरी वळण्याआधी मान वळवायचीच. कानात इयरफोन नकोत. बॅटरीवरच्या स्कूटर आल्यापासून मागून येणारी गाडी ऐकू येईलच असं नाही.

विनारंगाच्या स्पीडब्रेकरला डावीकडच्या फटीतून बगल देणं हीसुद्धा तीच चूक. दुचाकीवालेही नेमकी तीच फट गाठतात. सरळ जा: पायडल समांतर, कोपरे सैल, सीटवरून किंचित उठा.

उसाच्या ट्रॅक्टरशी घाई करणं

गळीत हंगाम साधारण दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि पुढचे चार-पाच महिने चालतो. गगनबावडा रस्त्यावर कुडित्र्याकडे, राधानगरी रस्त्यावर परित्याकडे आणि बावड्याच्या बाजूला, म्हणजे साखर कारखान्यांच्या वाटांवर, उसाची वाहतूक सर्वात दाट असते. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दोन्हींच्या बाहेर लोंबणाऱ्या मोळ्या, इंजिनाचा आवाज आणि त्यावर टेप. चालकाला मागची सायकल ना दिसते, ना घंटी ऐकू येते. हे गृहीत धरूनच वागा.

ओव्हरटेकचा हिशोब एकदा मांडून पाहा. ट्रॅक्टर ताशी 20 किलोमीटरने चाललाय, तुम्ही 25 ने. फरक फक्त 5 किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला 1.4 मीटर. दोन ट्रॉल्यांसह लांबी 15 मीटर धरली आणि मागेपुढे दहा-दहा मीटर सोडले, तर 35 मीटर पार करायला 25 सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही 170 मीटर पुढे जाता आणि समोरून ताशी 60 ने येणारी गाडी 400 मीटर जवळ येते. म्हणजे समोर जवळपास 600 मीटर मोकळा रस्ता दिसला पाहिजे. आपल्या वळणदार, दोन्ही बाजूंना ऊस उभा असलेल्या रस्त्यांवर इतकं दिसतंच कुठं? म्हणून मागेच राहा, 15 ते 20 मीटर अंतर ठेवून. ट्रॅक्टर थांबला किंवा फाट्यावर वळला की पुढे जा.

डावीकडून तर कधीच घुसू नका. वळणावर मागची ट्रॉली पुढचीच्या चाकोरीतून जात नाही, ती आतल्या बाजूला कापते. डावीकडे वळणाऱ्या ट्रॅक्टरच्या आणि गटारीच्या मधली जागा ट्रॉली बघता बघता खाऊन टाकते. ट्रकच्या बाबतीतही हेच. दाभोळकर कॉर्नरसारख्या सिग्नलला ट्रकच्या डाव्या पुढच्या कोपऱ्याशी उभं राहिलात तर चालकाला तुम्ही दिसत नाही. त्याच्या मागे थांबा, किंवा इतकं पुढे जा की काचेतून त्याचा चेहरा दिसेल. थांबलेल्या केएमटी बसच्या (शहर बसच्या) डावीकडूनही जाऊ नका, उतरणारा प्रवासी थेट तुमच्या चाकासमोर येतो.

चढावर ट्रॅक्टरच्या मागे आणखी जास्त अंतर हवं. ओझं जास्त असलं की पुढची चाकं उचलतात किंवा ट्रॉली मागे सरकते.

रस्त्यावर पडलेला ऊस गोल असतो, चाकाखाली लोळतो. तो तिरका ओलांडू नका आणि त्यावर ब्रेक दाबू नका. वेग आधीच कमी करून काटकोनात जा. दवानं भिजलेलं पाचट तेलासारखं निसरडं होतं. अंधारात बंद पडून कडेला उभी राहिलेली, दिवा-रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली या हंगामातली सर्वात वाईट गोष्ट आहे. तुमचा दिवा जिथवर पोचतो त्या अंतरात थांबता येईल इतकाच वेग ठेवा. ताशी 25 च्या वेगाने कोरड्या रस्त्यावरसुद्धा दिसल्यापासून थांबेपर्यंत 12-13 मीटर जातात, ओल्यावर त्याहून बरेच जास्त.

दिवा आहे, पण दिसत नाही

मागचा लाल दिवा सीटखाली लावलेला असतो आणि त्यावर जॅकेट किंवा पाठीवरची पिशवी लोंबते. सायकलवर बसून, नेहमीची पिशवी घेऊन, दुसऱ्याला वीस पावलं मागे उभं करून विचारा. दिसत नसेल तर दिवा सीटच्या नळीवरून मागच्या चाकाजवळच्या नळीवर आणा. पुढच्या दिव्याचा झोत आठ-दहा मीटरवर जमिनीला टेकला पाहिजे. समोरच्याच्या डोळ्यांत मारला तर तो आंधळा होऊन तुमच्याच अंगावर येतो. पायडलवर आणि घोट्याला रिफ्लेक्टर पट्टी लावा. वरखाली हलणारा उजेड पाहून चालकाला ही सायकल आहे हे लगेच कळतं.

सर्व्हिस रोडवर उलट जाणं

उचगाव, शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात महामार्ग ओलांडायला भुयारी मार्ग दूर पडतो म्हणून सायकली सर्रास उलट बाजूने जातात. ‘समोरची गाडी दिसते’ हे त्यामागचं कारण पायी चालणाऱ्याला लागू पडतं, सायकलीला नाही. तुम्ही 20 ने, गाडी 40 ने: एकाच दिशेने असाल तर गाडी 20 च्या फरकाने जवळ येते, समोरासमोर असाल तर 60 ने. शिवाय गल्लीतून डावीकडे बाहेर पडणारा चालक फक्त उजवीकडे पाहतो. तो तुमच्याकडे बघणारच नाही. अर्धा किलोमीटरचा वळसा पत्करा. दुभाजकाच्या फटीतून सायकल उचलून मुख्य रस्ता ओलांडणं पूर्ण टाळा.

पन्हाळा, जोतिबाच्या उतारावर ब्रेक धरून ठेवणं

सलग दाबलेल्या ब्रेकने रिम तापते, ट्यूब फुटू शकते. डिस्क ब्रेकचे पॅड तापून गुळगुळीत होतात आणि पकडत नाहीत. दोन्ही ब्रेक थोडा वेळ दाबा, सोडा, पुन्हा दाबा. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. थांबवण्याची ताकद जास्त पुढच्या ब्रेकमध्ये असते, पण तो एकटा झटक्यात दाबला तर सायकल उलटते. वजन मागे न्या आणि दोन्ही एकत्र दाबा.

निघण्याआधी लिव्हर पूर्ण दाबून पाहा. लिव्हर आणि हँडलच्या मधे दोन बोटं जागा उरली पाहिजे. नसेल तर लिव्हरजवळचा ॲडजस्टर अर्धा-अर्धा फेरा सोडून वायर ताणा. तरीही लिव्हर टेकत असेल तर पॅड झिजलेत. पॅडवरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की बदला. वायरीचा एक जरी धागा तुटलेला दिसला तर ती वायर उतारावर नेऊ नका. पावसात रिम ब्रेक पहिल्या एक-दोन फेऱ्यांत पकडतच नाही, म्हणून उतार येण्याआधी हलके दाबून रिम पुसून घ्या.

पाणंदीत रस्त्यासारखं चालवणं

पाणंद मुळात शेतकऱ्याची वाट. बैलगाडी किंवा ट्रॅक्टर समोर आला तर सायकलीने थांबायचं आणि चाकोरीतून बाहेर येऊन उभं राहायचं. ओझं असलेल्याला मागे सरकता येत नाही. डोक्यावर वाड्याची (उसाच्या हिरव्या शेंड्यांची) मोळी घेतलेल्या बाईला आजूबाजूचं दिसत नाही, लांबूनच आवाज द्या. म्हशींचा कळप असेल तर घंटी वाजवू नका, गुराख्याला विचारा आणि म्हशीच्या पुढून नाही, मागून जा. कुत्री धावली तर पळण्याने ती चेकाळतात. उतरा, सायकल कुत्र्यांच्या आणि आपल्या मधे धरा आणि चालत पुढे व्हा.

टायरची हवा बाजूला छापलेल्या मर्यादेतच ठेवा. 26 इंची, दोन इंच रुंद टायरला डांबरावर 45-50 आणि पाणंदीत 35-40 पीएसआय पुरते. सराट्यांसाठी सोबत एक ट्यूब, पंप आणि दोन टायर लिव्हर हवेत. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट हळू फिरवा. मोडलेला काटा तिथंच राहिला तर नवी ट्यूब शंभर मीटरवर पुन्हा बसते.

पावसानंतर दोन दिवस नदीकाठच्या काळ्या मातीत शिरूच नका. माती टायर आणि मडगार्डच्या मधे भरते आणि चाक जाम होतं. अडकलात तर जोराने पायडल मारू नका, साखळी किंवा मागचा गिअर तुटतो. उतरा, काडीने माती काढा, सायकल उचलून डांबरावर न्या आणि दोन्ही ब्रेक चालतात का हे थोडं ढकलून पाहा, मगच बसा.