लॅबमधल्या या चुका टाळा, लिफ्टचं गणित जुळेल

लिफ्ट म्हणजे विमानाच्या पंखाला वर उचलणारं बल. त्याच्या गणितात हवेची घनता लागते, आणि पुस्तकात ती १.२२५ किलो प्रति घनमीटर दिलेली असते. ती समुद्रसपाटीची, १५ अंशांची. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या लॅबमध्ये ४५ अंश असताना तीच घेतली, की पहिल्याच ओळीत गणित फसतं. बॅरोमीटर ९८० हेक्टोपास्कल दाखवत असेल तर घनता म्हणजे दाब भागिले (हवेचा वायू स्थिरांक × केल्विनमधलं तापमान): ९८,००० भागिले (२८७ × ३१८), म्हणजे १.०७. तब्बल १२ टक्के कमी! काही जण ३१८ केल्विनऐवजी ४५ घालतात. उत्तर साडेसातच्या वर येतं, तरी कुणी दचकत नाही.

विंड टनेलवर, म्हणजे पंखाच्या मॉडेलवर वारा सोडणाऱ्या बोगद्यावर, हाच घोळ वाढतो. समजा वाऱ्याचा वेग काढायच्या पिटो नळीला जोडलेल्या मॅनोमीटरवर (पाण्याच्या पातळीने दाब दाखवणाऱ्या नळीवर) ३४ मिलिमीटर पाण्याचा फरक आला. एका मिलिमीटरला ९.८१ पास्कल, म्हणजे डायनॅमिक प्रेशर (हवेच्या वेगामुळे येणारा दाब) ३३४ पास्कल. १.०७ धरून वेग येतो सेकंदाला २५ मीटर, १.२२५ धरून २३.३. आता वेग १.२२५ ने काढला आणि सीएलच्या (लिफ्ट गुणांकाच्या) सूत्रात १.०७ घातली, तर सीएल १४ टक्के फुगतो. खरं तर सीएलला वेग लागतच नाही. लिफ्टला थेट ३३४ ने आणि पंखाच्या क्षेत्रफळाने भागा, मोकळे व्हा. वेग ठेवा रेनॉल्ड्स नंबरसाठी (प्रवाहातली जडता आणि हवेचा चिकटपणा यांचं गुणोत्तर).

पंखा सुरू करण्याआधी मॅनोमीटरकडे बघा. दोन्ही बाजूंचं पाणी एका पातळीत नसेल तर बहुतेक वेळा नळीत बुडबुडा अडकलेला असतो. काचेवर टिचकी मारत तो वर काढा. पातळी फारच सावकाश हलत असेल तर रबरी नळी कुठेतरी मुडपली आहे. मॅनोमीटर आडव्या रेषेशी ३० अंशांत तिरका असेल तर नळीवरच्या वाचनाचं निम्मं धरा.

पंखाचा वाऱ्याशी कोन वाढला की सीएल ज्या दराने वाढतो, तो थिअरीतला २π हा उतार रेडियनचा. अंशाला साधारण ०.११. पाच अंशांना सीएल ३१ आला, तर चूक तिथेच.

व्हायव्हात ‘पंखावरची हवा खालच्या हवेला मागच्या टोकाशी गाठते’ असं म्हणू नका. ती गाठत नाही, आधीच पोहोचते.

शेवटी स्टॉल, म्हणजे कोन फार वाढल्यावर लिफ्ट कोसळणं. नाका ००१२ (NACA 0012) या पंखाच्या प्रमाणित आकाराचा स्टॉल पुस्तकी आलेखात १६ अंशांच्या आसपास दिसतो, पण तिथे रेनॉल्ड्स नंबर ६० लाखांच्या घरात. तुमच्या १५ सेंटीमीटर कॉर्डच्या (पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची लांबी) मॉडेलला जेमतेम २ लाख मिळतो, म्हणून लिफ्ट बरीच आधी कोसळते. जर्नलमधले बिंदू खोडून पुस्तकाशी जुळवू नका. आलेखाशेजारी तुमचा रेनॉल्ड्स नंबर लिहा.