लिनक्स निवडताना आणि बसवताना या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नसलेल्या किंवा जुना प्रोसेसर असलेल्या कॉम्प्युटरला विंडोज ११ अधिकृतपणे घेता येत नाही, आणि मशीन तर अजून ठणठणीत असतं. त्यामुळे एरवी लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या वाटेला न गेलेली माणसंही आता ‘कुठला डिस्ट्रो घेऊ?’ असं विचारू लागली आहेत. डिस्ट्रो म्हणजे बसवायला तयार असलेला लिनक्सचा एक संच; मिंट, उबंटू, फेडोरा ही त्यांची नावं. प्रश्न रास्त आहे, पण तो शेवटून पहिला आहे. आधी तुमचं काम बघायचं, मग मशीन, मग सपोर्ट किती वर्षं मिळणार ते, आणि दिसणं सगळ्यात शेवटी. बहुतेकजण उलट्या टोकाने सुरुवात करतात: स्क्रीनशॉट आवडला की डाउनलोड, डाउनलोड झालं की फॉरमॅट, आणि थोड्याच दिवसांत ‘आपल्याला नाही बुवा जमत’ म्हणून परत विंडोज.

कामाची यादी न करता उडी मारणे

फोटोशॉप आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस यांच्या लिनक्ससाठीच्या आवृत्त्या नाहीत. वाइन या लिनक्सवरच्या साधनाच्या मदतीने विंडोजचे बरेच प्रोग्राम चालतात, पण ज्यावर तुमचं पोट आहे असा प्रोग्राम वाइनच्या भरवशावर ठेवू नये. पुढच्या अपडेटला तो अडणार नाही याची हमी कोणीच देत नाही. लिब्रेऑफिस हे मोफत ऑफिस साध्या वर्ड-एक्सेल फाइली व्यवस्थित उघडतं. मॅक्रो आणि गुंतागुंतीची मांडणी असलेल्या फाइली मात्र आधी उघडून बघाव्यात. गेमिंगची परिस्थिती २०१८ मध्ये प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं साधन) आल्यापासून खूपच सुधारली आहे, तरी व्हॅलोरंटसारखे कडक अँटी-चीट (फसवणूक पकडणारी यंत्रणा) असलेले गेम लिनक्सवर चालत नाहीत, आणि डिस्ट्रो बदलून त्यात काहीही फरक पडत नाही.

यावर एक उपाय आहे, तो फार कमी लोक करतात. लिब्रेऑफिस, गिंप (फोटोसाठी), फायरफॉक्स, थंडरबर्ड (ईमेलसाठी) हे सगळे प्रोग्राम विंडोजवरही मोफत मिळतात. विंडोज न सोडता दोन-तीन आठवडे फक्त त्यांच्यावर काम करा. जिथे खरोखर अडेल तिथे लिनक्सवरही अडणारच आहे, आणि ते आत्ता कळलेलं बरं.

‘विंडोजचेच प्रोग्राम चालवणारी मोफत ओएस’ म्हणून काहीजण रिअ‍ॅक्टओएसकडे वळतात. प्रकल्प कौतुकास्पद आहे, पण इतकी वर्षं उलटूनही तो अल्फा अवस्थेत आहे. रोजच्या कामाला नको. फ्रीबीएसडी ही लिनक्सहून वेगळी मोफत ओएस भक्कम आहे, सर्व्हरवर त्याचं नावही मोठं आहे, पण लॅपटॉपचं वायफाय आणि ग्राफिक्स या बाबतीत तो लिनक्सच्या मागे राहतो.

नावाला आणि रँकिंगला भुलणे

‘हॅकिंगवाला लिनक्स’ म्हणून काली बसवणारे विद्यार्थी काही कमी नाहीत. काली हे सुरक्षा-चाचणीचं साधन आहे, आणि ते बनवणारेच सांगतात की लिनक्स नव्याने शिकणाऱ्यांसाठी किंवा घरच्या वापरासाठी ते योग्य नाही. अवजारं हवी असतील तर ती डेबियन, उबंटू यांसारख्या नेहमीच्या डिस्ट्रोंवरही बसवता येतात. टेल्स हा डिस्ट्रो तर मुद्दामच बंद करताना सगळं विसरतं. ते पेनड्राइव्हवरून तात्पुरतं वापरायचं असतं. आर्च हा डिस्ट्रो वाईट नाही. त्याचं विकी तर कुठल्याही डिस्ट्रोवाल्याने वाचावं असं आहे. पण पहिल्याच आठवड्यात सगळं हाताने जुळवत बसायची हौस असेल तरच तिकडे जावं.

डिस्ट्रोवॉच या साइटवरची क्रमवारी बघून निवडणं ही त्याचीच दुसरी तऱ्हा. तिथला क्रमांक म्हणजे त्या डिस्ट्रोचं पान दिवसाला किती वेळा उघडलं गेलं एवढंच. किती लोक तो वापरतात, किती टिकून राहतात, यातलं काहीही त्यातून कळत नाही. नवं नाव दिसलं की लोक कुतूहलाने क्लिक करतात, आणि नाव वर चढतं. एक-दोन माणसांनी हौसेने चालवलेले डिस्ट्रो असेच वर येतात, आणि ती माणसं थकली की अपडेटही थांबतात.

सपोर्टची तारीख न बघणे

उबंटूच्या आवृत्तीच्या आकड्यातच वर्ष आणि महिना असतो: २४.०४ म्हणजे एप्रिल २०२४. दर दोन वर्षांनी येणाऱ्या एलटीएस (दीर्घकाळ सपोर्टच्या) आवृत्तीला पाच वर्षं सपोर्ट असतो, मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. ‘२४.१० हे २४.०४ पेक्षा नवीन, म्हणजे चांगलं’ असा हिशोब करणाऱ्यांचा सपोर्ट जुलै २०२५ मध्येच संपला. लिनक्स मिंट एलटीएसवरच आधारलेलं असतं, त्यामुळे तिथे हा घोळ होत नाही. फेडोराची प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिने चालते, म्हणजे वर्षातून एकदा तरी अपग्रेड ठरलेलं. डेबियनला एलटीएस म्हणजे वाढीव सपोर्ट धरून पाच वर्षं मिळतात.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदाच येणाऱ्याने मिंट किंवा उबंटू एलटीएस घ्यावं आणि वर्षभर तरी बदलू नये. दर महिन्याला डिस्ट्रो बदलणाऱ्याला इन्स्टॉलेशन छान येतं, बाकी काही येत नाही.

मशीन न बघणे

जुन्या मशीनची पहिली अडचण ३२ बिट, म्हणजे आजच्या ६४ बिटच्या आधीची प्रोसेसरची जात. फेडोराने २०१९ मध्ये ३२ बिटचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) सोडला, उबंटूने त्याच्याही आधी इन्स्टॉलर बंद केला, आणि २०२५ च्या डेबियन १३ नेही ३२ बिट पीसीवर थेट बसवायची सोय काढून टाकली. मात्र मशीनवर ३२ बिट विंडोज आहे म्हणून प्रोसेसरही ३२ बिटच असेल असं नाही. प्रोसेसरचा मॉडेल नंबर तपासून मगच ठरवा.

रॅम कमी असेल तर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूट डेस्कटॉप घ्या, पण चमत्काराची अपेक्षा नको. डेस्कटॉप हलका केला तरी ब्राउझर तोच राहतो, आणि २ जीबी रॅम खातो तो ब्राउझरच. जुन्या मशीनला खरा जीव येतो तो हार्डडिस्क काढून एसएसडी घातल्यावर.

अगदी नव्या लॅपटॉपची गोष्ट उलटी. वायफाय चिप नवी असेल आणि डिस्ट्रोचा कर्नल जुना, तर चिप ओळखलीच जात नाही. तिथे फेडोरा किंवा नव्या कर्नलसह आलेली उबंटू एलटीएसची ताजी आयएसओ (बसवण्यासाठी डाउनलोड करायची फाइल) उपयोगी पडते. एनव्हिडियाच्या जुन्या ग्राफिक्स कार्डांना मात्र सतत बदलणारे रोलिंग डिस्ट्रो सोसत नाहीत. कंपनीचा जुना ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) नव्या कर्नलशी जुळेनासा होतो आणि एका अपडेटनंतर स्क्रीन काळी.

हे सगळं बसवण्याआधी तपासता येतं. पेनड्राइव्हवरून लाइव्ह सेशन (न बसवता चालणारं लिनक्स) सुरू करा आणि नुसता वॉलपेपर बघून बंद करू नका. वायफाय जोडा, आवाज ऐका, कॅमेरा आणि ब्लूटूथ बघा, प्रिंटरवर एक पान काढा, लॅपटॉपचं झाकण मिटून पुन्हा उघडा. झोपवलेला लॅपटॉप जागा न होणं ही सगळ्यात चिवट तक्रार असते आणि ती तपासायचं नेमकं कोणाला सुचत नाही. तुमच्या भाषेचा कीबोर्डही तिथेच जोडून चार ओळी टाइप करून बघा.

आयएसओ आणि पेनड्राइव्ह

आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही; रुफस किंवा एचर या साधनांनी ती लिहावी लागते, नाहीतर पेनड्राइव्हवर आधी व्हेंटॉय बसवून मग ती कॉपी करावी लागते, आणि लिहिताना किंवा व्हेंटॉय बसवताना पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. फाइल अधिकृत साइटवरूनच घ्या आणि चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का हे सांगणारा आकडा) जुळवा. हा सोवळेपणा वाटत असेल तर फेब्रुवारी २०१६ आठवा. तेव्हा लिनक्स मिंटची साइट हॅक करून १७.३ च्या सिनॅमन डेस्कटॉपवाल्या आवृत्तीची डाउनलोड लिंक बॅकडोर (हॅकरसाठी चोरवाट) घातलेल्या आयएसओकडे वळवली होती. साइटच हातची गेली तर तिच्यावरचा चेकसमही बदलता येतो, म्हणून जमल्यास डिजिटल सहीसुद्धा तपासावी. अर्धवट डाउनलोड झालेली फाइल चेकसममध्ये लगेच पकडली जाते, हा रोजचा फायदा वेगळाच.

बसवताना होणारे घात

‘डिस्क पुसून बसवा’ या पर्यायाचा अर्थ पूर्ण डिस्क असा आहे. फक्त सी ड्राइव्ह नव्हे. डी मध्ये ठेवलेले फोटोही बहुधा त्याच डिस्कवर असतात आणि तेही जातात. बॅकअप दुसऱ्या उपकरणावर हवा.

ड्युअल बूट (एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही) करायचं असेल तर तीन गोष्टी विंडोजमध्येच उरकून घ्या. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा. सिक्युअर बूटच्या (फक्त सही असलेलीच सिस्टिम सुरू होऊ देणाऱ्या सोयीच्या) सेटिंगला हात लावला की विंडोज ती मागू शकतं. फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोजचं पार्टिशन अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहतं आणि लिनक्समध्ये त्यावर काही लिहिता येत नाही. आणि लिनक्ससाठी जागा काढायला विंडोजचं पार्टिशन (डिस्कचा भाग) लहान करायचं ते विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटनेच.

विंडोज यूईएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत; जुनी ती लेगसी) पद्धतीने बसलेलं असेल तर पेनड्राइव्हही यूईएफआयमध्येच सुरू करा. एक लेगसी आणि एक यूईएफआय झालं की बूट मेनूत दुसरी सिस्टिम दिसतच नाही, आणि लोकांना वाटतं विंडोज उडालं.

अडलं तर

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही: इंटेलच्या मशीनवर बहुधा बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) आरएसटी किंवा व्हीएमडी ही इंटेलची डिस्क हाताळायची पद्धत चालू असते. ती एएचसीआय या सर्वसाधारण पद्धतीवर आणायची, पण थेट नाही. आधी विंडोज पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उघडेल असं ठरवा, मग सेटिंग बदला, एकदा सेफ मोडमध्ये जाऊन या आणि मग ती खूण काढा. थेट बदललं तर विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकतं.

सुरू होताच काळी स्क्रीन: बूट मेनूत उबंटूला ‘सेफ ग्राफिक्स’ आणि मिंटला ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ असतो, त्यातून आत शिरा. एनव्हिडियाचा ड्रायव्हर डिस्ट्रोच्या स्वतःच्या ड्रायव्हर मॅनेजरमधूनच घ्या, कंपनीच्या साइटवरून नाही. सिक्युअर बूट चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना पासवर्ड ठरवायला सांगतात आणि रीस्टार्टनंतर एक निळा पडदा येतो. तिथे ‘एन्रोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईत तो पडदा तसाच पुढे ढकलला की ड्रायव्हर बसूनही चालत नाही.

थेट विंडोजच सुरू होतं: बायोसमधला बूट क्रम बदला. मिंट बसवला असला तरी यादीत बरेचदा ‘उबंटू’ हेच नाव दिसतं, गोंधळू नका. कधी दोष तुमचा नसतोच. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर कित्येक ड्युअल बूट मशीनवर लिनक्स सुरू होईना, कारण त्या अपडेटने जुने बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारे प्रोग्राम) नाकारले होते.

दोन सिस्टिममध्ये घड्याळ वेगळं: विंडोज मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक वेळ. लिनक्सलाच स्थानिक वेळ वापरायला सांगणं सोपं पडतं.

टर्मिनलमध्ये आज्ञा चिकटवण्याआधी वाचा, आणि सिस्टिम काय काय काढणार आहे तेही. २०२१ मध्ये पॉप ओएस या डिस्ट्रोवर पॅकेजमधल्या दोषामुळे स्टीम (गेमचं ऑनलाइन दुकान) बसवताना आख्खा डेस्कटॉपच काढला जात होता. सिस्टिम तसं स्पष्ट सांगत होती, खात्री म्हणून पूर्ण वाक्य टाइप करायला लावत होती, आणि तरी ते वाक्य टाइप केलं गेलं.

मदत मागताना ‘वायफाय चालत नाही’ एवढ्यावर कोणी काही सांगू शकत नाही. लॅपटॉपचं मॉडेल, वायफाय चिपचं नाव, डिस्ट्रोची आवृत्ती, कर्नलचा क्रमांक आणि एररचे नेमके शब्द द्या. मिंटमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडलं की यातलं बरंचसं एका बटणावर कॉपी होतं.