फार्न बेटांवर पफिन बघायला जाताय? या चुका टाळा

दर उन्हाळ्यात आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो: "फार्न आयलंड्सला कोणी गेलंय का? पफिन नक्की दिसतात ना?" दिसतात हो, चिक्कार दिसतात. (फार्न म्हणजे इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यालगतची बेटं, आणि पफिन म्हणजे रंगीत चोचीचा छोटा समुद्रपक्षी.) पण विचारणारा बहुतेक वेळा तिकीट काढून, हॉटेल बुक करून मोकळा झालेला असतो आणि तारीख असते ऑगस्टची.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. इंग्लंडमधल्या शाळांना जुलैच्या शेवटाकडे सुट्टी लागते. पफिनना हे कोणी कळवलेलं नाही. ते मार्चअखेरीस किंवा एप्रिलमध्ये बेटांवर येतात, जमिनीतल्या बिळात एकच अंडं घालतात, जून आणि अर्धाअधिक जुलै पिल्लाला मासे भरवतात, आणि महिना संपता संपता समुद्राची वाट धरतात. मग थेट पुढच्या वसंतापर्यंत त्यांचे पाय जमिनीला लागत नाहीत. लंडनहून सहा-सहा तास गाडी हाकत आलेली कुटुंबं ऑगस्टच्या मध्यावर सीहाउसेसच्या धक्क्यावर, म्हणजे जिथून बेटांच्या बोटी सुटतात तिथे, उभी असतात. पोरांच्या हातात पफिनची खेळणी, डोळ्यांत उत्साह, आणि बेटावर मात्र रिकामी बिळं. मग रिव्ह्यू लिहितात, "पैसे वाया गेले." अहो, वेबसाइटवर कधी कुठला पक्षी दिसतो ते लिहिलेलं असतं. तेवढं वाचायला दोन मिनिटं लागतात.

मुलांची शाळा असेल तर मेअखेरीची हाफ-टर्म, म्हणजे सत्राच्या मधली आठवड्याची सुट्टी, धरा. तेव्हा पफिन असतात, कड्यांवर गिलमॉट आणि किटिवेक या समुद्रपक्ष्यांची गर्दी असते, टर्न पक्षीही अंड्यांवर बसायला लागलेले असतात. भारतातून आई-बाबा यायचे असतील तर जून उत्तम. ऑक्टोबर ते डिसेंबर या बेटांवर ग्रे सीलची पिल्लं जन्मतात. तीही बघण्यासारखी असतात, पण तो वेगळा प्रवास. एकाच तिकिटात सगळं बसवायचा हट्ट सोडा.

आता बोटीचं. "बोटीचं तिकीट काढलं म्हणजे बेटावर उतरणार" असं समजू नका. काही फेऱ्या नुसत्या बेटांना वळसा घालून परत येतात, काही इनर फार्न या बेटावर उतरवतात, आणि उतरण्याचे पैसे या बेटांची देखभाल करणारी नॅशनल ट्रस्ट ही संस्था वेगळे घेते. ट्रस्टचं सदस्यत्व असेल तर कार्ड सोबत ठेवा. लाट मोठी असेल तर उतरणं रद्द होतं, आणि मे-जूनमध्ये उत्तर समुद्रावरून येणारं धुकं भर दुपारी सगळा किनारा गिळून टाकतं. स्किपरशी हुज्जत घालून समुद्र शांत होत नाही. मी नेहमी एक दिवस हातचा ठेवतो, तुम्हीही ठेवा.

टोपी. ही गोष्ट सांगून सांगून माझी जीभ झिजली. इनर फार्नच्या वाटेच्या अगदी काठाला आर्क्टिक टर्नची घरटी असतात. टर्न म्हणजे आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या सुरय पक्ष्याचा भाऊबंद. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर सुरयांच्या वसाहती आहेत, त्याच घराण्यातला. वजन जेमतेम १०० ग्रॅम, पण हा पक्षी दरवर्षी अंटार्क्टिकापर्यंत जाऊन येतो. २०१५ मध्ये फार्नवरच्या काही टर्नच्या पायांना छोटी नोंदयंत्रं बसवली होती. त्यातला एक पुढच्या मे महिन्यात परतला तेव्हा त्याचा प्रवास ९६,००० किलोमीटर झाला होता. एवढी मजल मारून आलेला प्राणी तुमच्या हेअरस्टाइलला घाबरेल असं वाटतं का? तो सरळ डोक्यावर येतो, चोच खुपसतो, रक्त काढतो, वर पांढरा प्रसादही देतो.

हात हवेत फिरवू नका, पळू नका. पळणाऱ्याचं लक्ष वर असतं आणि पाय पिल्लावर पडतो. टर्नची ठिपकेदार पिल्लं चक्क फळ्यांच्या वाटेवर येऊन बसतात. टर्न सर्वांत उंच जागी चोच मारतो, म्हणून मी टोपीच्या वर एक हात स्थिर धरून चालतो. याच कारणाने लहान मुलाला खांद्यावर घेऊ नका. मूल रडतंय म्हणून बाप त्याला वर उचलतो आणि टर्नच्या चोचीसमोर नेऊन ठेवतो, हे दृश्य दर जूनमध्ये दिसतं. टोपी जाड हवी. बाबांनी भारतातून आणलेली माकडटोपी, जिच्यावरून घरात सगळे हसतात, ती इथे कामाला येते.

आता माझा खरा राग ज्याच्यावर आहे ते. एका स्नेह्यांचे मेहुणे पुण्याहून आले होते. कॅमेरा भारी, उत्साह त्याहून भारी, धीर शून्य. बेटावर जेमतेम तासभर मिळतो, त्यामुळे बोटीतून उतरल्या उतरल्या यांची धावपळ सुरू. वाटेच्या कडेला एका बिळासमोर हे उकिडवे बसले, मोबाइल एका हातात, कॅमेरा गळ्यात. मागे हवेत एक पफिन चकरा मारत होता. चोचीत आडवे धरलेले दहा-बारा चंदेरी सँडईल मासे, शेपट्या दोन्ही बाजूंना लोंबत. तो उतरायला यायचा, माणूस दिसला की पंख फडफडवत पुन्हा वर. पुन्हा यायचा, पुन्हा वर.

मी म्हटलं, "दादा, जरा मागे या, त्याचं घर आहे ते." दादा म्हणाले, "एक मिनिट, लँडिंग घेतो."

एक मिनिटाची पाच झाली. शेवटी पफिन दमून बिळापासून चार-पाच फुटांवर उतरला आणि तुरुतुरु धावू लागला. कुरव (सीगल) पक्षी तिथे याचीच वाट बघत उभे असतात. दोघांनी झडप घातली, एकाने पफिनची मान धरून हिसडा दिला, मासे गवतावर सांडले, आणि क्षणात कुरवांच्या पोटात गेले. पफिन अंग झटकून तसाच समुद्राकडे उडाला. बिळातलं पिल्लू उपाशी. दादा उठले आणि म्हणाले, "व्हिडिओ कसला भारी आलाय!"

पफिनचा वेग हाच त्याचा बचाव असतो. चोचीत मासे घेऊन आला की तो थेट बिळात घुसतो, कुरवाला संधीच मिळत नाही. तुम्ही मध्ये थांबलात की तो हवेत अडकतो, आणि मग लूट ठरलेली. म्हणून बिळाच्या तोंडासमोर थांबायचं नाही. डोक्यावर कोणी चोचीत मासे घेऊन घिरट्या घालत असेल तर तुम्हीच त्याच्या वाटेत आहात; दहा पावलं पुढे व्हा. मी एकच जागा पकडतो, बिळांपासून लांब, पाठ भिंतीला लावून, आणि अर्धा तास हलत नाही. पक्षी आपोआप जवळ येतात. धावून काढलेल्या फोटोंत पफिनची पाठच येते.

दोरीपलीकडे पाय टाकणाऱ्यांना तर मी सांगणंही सोडलंय, थेट रेंजरला, म्हणजे बेटावरच्या ट्रस्टच्या रखवालदाराला, हाक मारतो. खालची जमीन बिळांनी पोखरलेली असते. वरून हिरवळ दिसते, पण वजन पडलं की छत आत कोसळतं, खाली अंडं असो वा पिल्लू. "फक्त एक पाऊल" म्हणणाऱ्यांना हे कधीच पटत नाही. घरट्याची नासधूस हा इथे १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तेवढं तरी लक्षात ठेवा.

बाकीचं थोडक्यात. कुत्र्याला बेटावर नेता येत नाही. ड्रोन चालत नाही, विचारूही नका. पांढरे कपडे आणि नवी कोरी जॅकेटं घरी ठेवा. वास प्रचंड येतो. नाक मुरडणाऱ्या पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर नाही. आणि भरपेट वडापाव खाऊन बोटीत चढू नका.

शेवटचं, मेलेल्या किंवा गळून पडलेल्या पक्ष्याबद्दल. २०२२ मध्ये बर्ड फ्लूने इथे हाहाकार माजवला होता. बेटांवर उतरणं बंद झालं, ते इनर फार्नपुरतं पुन्हा सुरू व्हायला २०२४ उजाडलं. असा पक्षी दिसला तर हात लावू नका, मुलांना लांब ठेवा, आणि जागा नेमकी कुठे आहे ते रेंजरला सांगा. फोटो काढून आधी ग्रुपवर टाकू नका.