डोंगरवाटांवर धावण्यासाठी मिनिमलिस्ट बूट कसे निवडावेत

मिनिमलिस्ट बूट म्हणजे पातळ, लवचिक तळाचे आणि टाचेला फारशी उंची नसलेले बूट. ते निवडण्याआधी धावण्याची वाट कशी आहे ते पाहावे. सह्याद्रीत एकाच धावेत मातीची पायवाट, घसाऱ्याचा उतार आणि बेसाल्टचा कातळ असे तिन्ही लागत असल्याने, बागेत सुखावह वाटणारा अतिपातळ तळ सिंहगड-राजगडाच्या वाटेवर टोकदार दगडांमुळे असह्य होऊ शकतो.

त्यानंतर पायाचे माप घ्यावे. दिवसभरात पाय थोडे फुगत असल्याने संध्याकाळी उभे राहून दोन्ही पावलांची रूपरेषा कागदावर काढावी आणि बुटातील इनसोल (आतला सुटा तळ) बाहेर काढून त्या रूपरेषेवर ठेवावी. बोटांची रेषा इनसोलबाहेर जात असेल, तर तो बूट कितीही आवडला तरी घेऊ नये. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी, कारण उतारावर पाय पुढे सरकतो आणि जागा नसल्यास नखे काळी पडतात. माझ्या मते रुंदीची ही कसोटी इतर सर्व कसोट्यांपेक्षा महत्त्वाची आहे.

आता ड्रॉप, म्हणजे टाच आणि चवडा यांच्या उंचीतील फरक पाहावा. नेहमीच्या अनेक धावण्याच्या बुटांत तो 8 ते 12 मिमी असतो. मिनिमलिस्ट बुटांत तो शून्य किंवा त्याच्या जवळपास असतो. मात्र केवळ ‘झीरो ड्रॉप’ या शब्दांवर विसंबू नये. अल्ट्रा कंपनीच्या लोन पीक बुटाचा ड्रॉप शून्य असला तरी त्याचा तळ सुमारे 25 मिमी जाड आहे, त्यामुळे जमिनीची जाणीव हवी असणाऱ्याने मेरेल कंपनीच्या ट्रेल ग्लोव्हसारखा पातळ तळाचा बूट पाहणे योग्य ठरेल. बूट हातात धरून वाकवावा आणि पिळावा. तो सहज वळला पाहिजे. खडकाळ वाटांसाठी तळात पातळ रॉक प्लेट (टोकदार दगड टोचू न देणारा कडक थर) असलेला बूट घेतल्यास थोडी लवचिकता कमी होते, परंतु तळव्याचे रक्षण होते.

ग्रिपच्या बाबतीत केवळ तळाचे खोल दाते पाहू नयेत. चिखलात 4 ते 6 मिमीचे, एकमेकांपासून दूर असलेले दाते उपयोगी पडतात, कारण त्यांच्यात माती अडकून राहत नाही. ओल्या कातळावर मात्र मऊ, चिकट रबर आणि जमिनीशी होणारा अधिक स्पर्श महत्त्वाचा असतो. शेवाळलेल्या खडकावर कोणत्याही रबरावर भरवसा ठेवू नये, तेथे चालावे.

बूट घेतल्यानंतरची घाई सर्वांत घातक आहे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, दहा आठवड्यांत पाच बोटांच्या (प्रत्येक बोटासाठी वेगळा कप्पा असलेल्या मिनिमलिस्ट) बुटांकडे वळलेल्या धावपटूंमध्ये नेहमीचे बूट वापरणाऱ्यांपेक्षा पायाच्या हाडांतील सूज अधिक आढळली. म्हणून आधी काही आठवडे हे बूट घालून केवळ चालावे, नंतर सपाट मातीवर काही मिनिटे धावावे आणि पोटऱ्या व टाचेमागचा अकिलीस स्नायुबंध दुखत नसेल, तरच अंतर वाढवावे. उतार सर्वांत शेवटी घ्यावेत. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी, तसेच पूर्वी पायाचे हाड मोडलेल्यांनी खरेदीपूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.